डिस्कची वाटणी आणि माउंटचा तक्ता

संगणकाशी ज्यांचा पहिला परिचय विंडोज या प्रणालीच्या द्वारे झाला, आणि आपल्याकडील बहुसंख्य वाचकांचा तो तसाच झालेला आहे, त्यांच्या मनात डिस्कवरील जागेचा एखादा तुकडा आणि त्या तुकड्याचे नाव या दोन गोष्टी इतक्या एकजीव झालेल्या असतात की, त्या मुळात भिन्न असाव्यात अशी शंकाही त्यांना सहसा येत नाही. 'सी ड्राइव्ह' म्हणजे प्रणालीची जागा आणि 'डी ड्राइव्ह' म्हणजे छायाचित्रे, गाणी व घरचे कागदपत्र ठेवण्याची जागा, ही वाटणी बहुधा संगणक जोडून देणाऱ्या दुकानदाराने करून दिलेली असते आणि पुढे वर्षानुवर्षे ती तशीच वहिवाटीत राहते. हाच मनुष्य जेव्हा प्रथमच लिनक्स बसवावयास घेतो, तेव्हा भाषा, कळफलक, कालक्षेत्र, वापरकर्त्याचे नाव अशा निरुपद्रवी प्रश्नांची उत्तरे देत देत तो अकस्मात एका अशा पडद्यापाशी येऊन थबकतो, जेथे डिस्कची लांबच लांब पट्टी दाखवलेली असते आणि तिचे तुकडे किती पाडावे, प्रत्येकावर कोणती फाइल सिस्टिम रचावी, आणि तो कोठे 'माउंट' करावा, हे सारे त्याला एका दमात विचारले जाते.

या पडद्यावर दोन सर्वस्वी निराळे निर्णय एकत्र बांधलेले असतात. पहिला निर्णय जागेचा: डिस्कवरील कोणत्या क्रमांकाच्या खंडापासून कोणत्या क्रमांकाच्या खंडापर्यंत एक पार्टिशन धरावे. दुसरा निर्णय स्थानाचा: प्रणाली चालू झाल्यावर त्या पार्टिशनमधील मजकूर फोल्डरांच्या वृक्षात कोणत्या फांदीवर दिसावा. पहिला निर्णय चुकला तर पूर्वीचा सर्व संग्रह गमावण्याचा प्रसंग येतो. दुसरा चुकला तर एका साध्या मजकूर-फाइलीतील एक ओळ सुधारून भागते. जमिनीच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा भेद चटकन उमगेल, कारण मोजणी खात्याने रोवलेले हद्दीचे दगड आणि गावदप्तरातील सातबाऱ्याची नोंद यांत जो फरक आहे तोच येथेही आहे: नोंदीत फेरफार करता येतो, परंतु हद्द हलवावयाची तर मोजणीच नव्याने करावी लागते. संस्थापनेचा पडदा हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी मांडतो म्हणून नवशिक्याला दोहोंचे सारखेच भय वाटते, किंवा त्याहून अनिष्ट म्हणजे दोहोंविषयी तो सारखाच निष्काळजी राहतो. ते वेगळे करून पाहिले की बहुतेक भय आपोआप ओसरते आणि जी सावधगिरी उरते ती योग्य ठिकाणी उरते.

प्रथम हद्दींचा विचार करू. डिस्कच्या अगदी आरंभी वाटणीचा तक्ता लिहून ठेवण्याची जी पद्धत आयबीएमच्या कुलातील संगणकांवर रूढ झाली, ती मार्च १९८३ मध्ये, पीसी डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर आणि १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेल्या 'पीसी एक्सटी' या यंत्राबरोबर अवतरली. 'मास्टर बूट रेकॉर्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तक्त्याला डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा एकच खंड मिळालेला होता. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या लहानशा आज्ञावलीसाठी, शेवटचे दोन बाइट खुणेसाठी, आणि मधले केवळ ६४ बाइट वाटणीच्या नोंदींसाठी. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चार आणि चारच. पुढे चार भाग अपुरे पडू लागले तेव्हा चारांपैकी एका भागाला 'विस्तारित' असे नाव देऊन त्याच्या पोटात आणखी भाग पाडण्याची तजवीज करण्यात आली, आणि लिनक्सने पहिले चार क्रमांक मुख्य भागांसाठी राखून या पोटभागांना पाचपासून पुढचे क्रमांक दिले. जुन्या यंत्रावर एक, दोन आणि मग एकदम पाच असे क्रमांक पाहून ज्यांना मधले दोन भाग हरवल्यासारखे वाटतात त्यांच्या शंकेचे निरसन या इतिहासात आहे. याच तक्त्यात खंडाचा क्रमांक ३२ द्विमान अंकांत लिहिला जात असल्यामुळे, ५१२ बाइटांच्या खंडांच्या हिशेबाने, सुमारे २.२ टेराबाइटच्या पलीकडची जागा त्याला निर्दिष्टच करता येत नाही. दहा मेगाबाइटच्या काळात ही मर्यादा कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक डिस्का तिच्याहून मोठ्या आहेत.

म्हणून आजच्या यंत्रांवर 'जीपीटी' हा नवा तक्ता वापरला जातो. तो इंटेलने आरंभलेल्या आणि २००५ नंतर यूईएफआय या संयुक्त मंडळाच्या देखरेखीखाली आलेल्या संहितेचा भाग आहे. त्यात सामान्यतः १२८ नोंदींची तरतूद असते, प्रत्येक नोंदीला १२८ बाइट मिळतात, आणि प्रत्येक भागाला स्वतःचा १२८ द्विमान अंकांचा ओळख-क्रमांक दिला जातो. मला या रचनेतील सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते ती ही की, तक्त्याची एक प्रत डिस्कच्या आरंभी आणि दुसरी डिस्कच्या अखेरीस ठेवली जाते, आणि दोन्हींवर तपासणीची बेरीज नोंदलेली असते. म्हणजे आरंभीची प्रत बिघडली तर ते कळते, आणि अखेरच्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करता येते. याशिवाय डिस्कच्या पहिल्या खंडात जुन्या पद्धतीचा एक संरक्षक तक्ताही लिहिलेला असतो. ज्याला जीपीटी कळत नाही अशा जुन्या आज्ञावलीने डिस्क रिकामी समजून तिच्यावर काही लिहू नये, यासाठी 'ही सर्व जागा व्यापलेली आहे' असे तो तिला सांगतो. सबब, नव्या यंत्रावर नव्याने वाटणी करावयाची असेल तर जीपीटीच निवडावी. याविषयी दुमत असण्याचे कारण मला दिसत नाही.

आता स्थानाच्या निर्णयाकडे वळू, कारण लिनक्सचे खरे वैशिष्ट्य तेथे आहे. एकच मूळ, त्याला तिरप्या रेघेने दर्शवायचे, आणि सर्व डिस्का, सर्व भाग, पुढे तर बाहेरून जोडलेल्या सर्व वस्तूसुद्धा त्या एका मुळापासून निघालेल्या वृक्षावर कोठे ना कोठे बसवायच्या, ही कल्पना लिनक्सची स्वतःची नसून युनिक्सची आहे. डेनिस रिची आणि केन टॉम्प्सन यांनी जुलै १९७४ मध्ये संगणकशास्त्राच्या एका प्रमुख अमेरिकी नियतकालिकात युनिक्सचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात माउंट या आज्ञेचे कार्य मोजक्या शब्दांत मांडलेले आहे: तिच्यामुळे वृक्षाच्या एका पानाच्या जागी एक संपूर्ण नवा उपवृक्ष येऊन बसतो. त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर मुळाची फाइल सिस्टिम १० लाख बाइटांच्या स्थिर डिस्कवर होती आणि वापरकर्त्यांच्या फाइली असलेली मोठी डिस्क प्रणाली सुरू होताना त्या वृक्षावर चढवली जाई. अर्थात आज आपण '/होम' वेगळे ठेवतो तीच ही पद्धत आहे. पन्नास वर्षांत तिच्या तत्त्वात बदल झालेला नाही.

त्याच निबंधात त्यांनी एक अपवादही स्पष्ट नोंदवला आहे, आणि तो आजही तसाच लागू आहे. वृक्षावर फिरणाऱ्याला एका भागातून दुसऱ्या भागात गेल्याचे कळत नाही. परंतु एकाच फाइलीला दोन नावे देणारा जो घट्ट दुवा युनिक्समध्ये असतो, तो भागांची सीमा ओलांडू शकत नाही. याचा व्यवहारातला परिणाम असा की, एकाच पार्टिशनमध्ये एखादा मोठा चित्रपट एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात हलवला तर केवळ नोंद बदलते आणि काम क्षणार्धात होते, परंतु तोच चित्रपट '/होम' मधून वेगळ्या पार्टिशनवरील फोल्डरात हलवला तर प्रत्येक बाइटाची नक्कल होऊन मग मूळ फाइल पुसली जाते. पडद्यावर दोन्ही कृती सारख्याच दिसतात. घड्याळावर मात्र दिसत नाहीत.

हे ध्यानात घेतले म्हणजे भाग किती पाडावे या प्रश्नाला उत्तर देण्याची रीत सापडते. जुन्या पुस्तकांत '/यूएसआर', '/व्हार', '/टेम्प', '/बूट', '/होम' असे एकेका फोल्डरासाठी वेगळे पार्टिशन पाडण्याचा उपदेश आढळतो, आणि तो आंधळेपणाने अनुसरणारे आजही पुष्कळ आहेत. परंतु यातील काही भागांची कारणे केव्हाच लोपली. '/यूएसआर' हे आरंभी वापरकर्त्यांच्या फोल्डरांचे घर होते; पुढे तेथे आज्ञावल्या जाऊन बसल्या, आणि मुळातील आज्ञावल्यांपासून त्या वेगळ्या राखण्याचा शिरस्ता मात्र डिस्का प्रचंड झाल्यानंतरही टिकून राहिला. फेडोरा या लिनक्सच्या वितरणाने २०१२ साली १७ व्या आवृत्तीत ही दोन्ही ठिकाणे एकत्र केली, आणि आता डेबियनसह बहुतेक वितरणांनी तो मार्ग पत्करला आहे. माझे मत असे की, ज्या भागासाठी आज जिवंत कारण सांगता येत नाही तो भाग पाडूच नये, कारण प्रत्येक हद्द म्हणजे मोकळ्या जागेचे एक कायमचे विभाजन असते: मुळाच्या भागात जागा संपलेली आणि शेजारच्या भागात शंभर गिगाबाइट पडून राहिलेले, ही स्थिती अतिविभाजनाच्या हौसेतूनच येते.

जिवंत कारणे मात्र आहेत, आणि त्यांत '/होम' चे कारण सर्वांत प्रबळ आहे. प्रणाली ही पुन्हा उतरवून घेता येते. माणसाची पत्रे, हिशेब, छायाचित्रे आणि अर्धवट लिहिलेली हस्तलिखिते पुन्हा उतरवून घेता येत नाहीत. ही दोन प्रकारची संपत्ती वेगवेगळ्या भागांत असली म्हणजे एखादे वितरण सोडून दुसरे घ्यावयाचे असेल तेव्हा मुळाचा भाग निःशंकपणे फॉरमॅट करता येतो आणि '/होम' ला 'फॉरमॅट करू नये' अशी खूण ठेवून केवळ माउंट करता येते. (याने स्वतंत्र प्रत ठेवण्याची जबाबदारी टळत नाही, दोन्ही भाग एकाच डिस्कवर आहेत, आणि डिस्क गेली तर दोन्ही जातात.) सर्व्हरवर '/व्हार' वेगळे ठेवण्यासही असेच कारण आहे, कारण तेथे नोंदवह्या वाढत जातात, आणि एखाद्या बिघडलेल्या सेवेने रात्रभर तक्रारी लिहून तो भाग भरून टाकला तरी मुळाचा भाग अबाधित राहतो. घरच्या संगणकाला त्याची गरज नाही.

उदाहरण म्हणून ५१२ गिगाबाइटची एसएसडी असलेला एक साधा लॅपटॉप घेऊ, आणि त्यावर डेबियन बसवावयाचे आहे असे धरू. सर्वप्रथम हे समजून घ्यावे की, पडद्यावर ५१२ ऐवजी ४७६ असा आकडा दिसला तर कोणी जागा चोरलेली नाही; उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि अनेक आज्ञावल्या तेच माप १०२४ च्या घाताने मोजतात, एवढाच हा हिशेबाचा फरक आहे. यूईएफआयवर चालणाऱ्या यंत्रात पहिला भाग संगणक सुरू करण्यासाठी लागणारा, फॅट या जुन्या आणि सर्वांना वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिमचा; त्याला पाचशे मेगाबाइट ते एक गिगाबाइट द्यावे आणि तो '/बूट/ईएफआय' येथे माउंट व्हावा. मुळासाठी साठ गिगाबाइट सामान्य वापरास पुरेसे होतात. स्वॅपसाठी, म्हणजे स्मृती अपुरी पडल्यास तिचा काही भाग डिस्कवर उतरवून ठेवण्यासाठी, पूर्वी 'स्मृतीच्या दुप्पट' हा नियम सांगत. सोळा गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर तो आता अर्थशून्य झाला आहे, आणि संगणक हायबरनेट करावयाचा असेल तरच स्मृतीइतकी जागा राखावी, अन्यथा दोन-चार गिगाबाइट किंवा स्वतंत्र भागाऐवजी एक स्वॅप-फाइलही चालते. उरलेल्यातील बहुतेक जागा '/होम' ला द्यावी, पण सगळी देऊ नये. वीस-तीस गिगाबाइट कोणाच्याच नावे न करता मोकळे ठेवावे, कारण ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम चालू असतानाही वाढवता येते, परंतु आक्रसावयाची तर ती वृक्षावरून उतरवूनच ठेवावी लागते, आणि एक्सएफएस वाढते तेवढी. ती लहान करण्याची सोय नाही.

त्याच लॅपटॉपवर विंडोज आधीपासून नांदत असेल आणि ते राखावयाचे असेल, तर विंडोजचा भाग विंडोजच्याच साधनाने लहान करून घ्यावा, बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनःप्राप्तीची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी, आणि 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी, कारण ती चालू असता विंडोज बंद केल्यासारखे दिसते तरी आपली फाइल सिस्टिम पूर्णपणे मिटवून ठेवत नाही आणि लिनक्सने तेथे लिहिणे धोक्याचे ठरते. ईएफआयचा भाग दोन्ही प्रणालींत सामाईक असतो. तो नव्याने फॉरमॅट केला तर विंडोज सुरू होण्याचा मार्गच नाहीसा होतो, म्हणून संस्थापनेच्या पडद्यावर त्याच्यापुढे फॉरमॅटची खूण नाही ना, हे दोनदा पाहावे.

फॉरमॅटविषयी आणखी एक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. पार्टिशन पुसले म्हणजे फक्त तक्त्यातील नोंद जाते, आतील मजकूर जागच्या जागी राहतो, आणि टेस्टडिस्कसारख्या साधनाने हरवलेल्या हद्दी शोधून नोंद पुन्हा उभी करता येते. ही गोष्ट खरी आहे, आणि अनेकांनी तिच्या भरवशावर आपला संग्रह परत मिळवला आहे. परंतु फॉरमॅट हा निराळा मामला आहे. ईएक्सटी-४ रचणारी आज्ञा एसएसडीवर चालवली असता त्या भागातील सर्व खंड आता निरुपयोगी आहेत असे ती डिस्कला आरंभीच कळवून टाकते, आणि डिस्क ते खंड आपल्या सवडीने खरोखरच रिकामे करते. फिरत्या तबकडीच्या काळातील 'फॉरमॅट झाले तरी काही ना काही परत मिळतेच' हा समज मनातून काढून टाकावा. पडद्यावरील सर्व निर्णय अखेरच्या संमतीपर्यंत केवळ कागदावरचे असतात, डेबियनचा संस्थापक तर कोणते भाग फॉरमॅट होणार याची यादी दाखवून मगच संमती मागतो, आणि संपूर्ण संस्थापनेत सावकाश वाचावा असा एकच मजकूर असेल तर तो ही यादी होय.

हद्दी ठरल्या, फाइली उतरल्या, आणि प्रणाली पहिल्यांदा सुरू झाली; आता दर वेळी कोणता भाग कोठे चढवायचा हे तिला कोण सांगते? '/ईटीसी/एफएसटॅब' ही फाइल. हा तक्ता बर्कली येथे विकसित झालेल्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीपासून चालत आलेला आहे आणि त्याच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात: काय चढवायचे, कोठे चढवायचे, त्यावर कोणती फाइल सिस्टिम आहे, कोणत्या अटींवर, 'डंप' नावाच्या जुन्या साधनाने त्याची प्रत काढावी की नाही, आणि आरंभीच्या तपासणीत त्याचा क्रम कितवा. पाचव्या रकान्यात आज बहुधा शून्यच लिहिले जाते. सहाव्यात मुळासाठी एक, इतर भागांसाठी दोन, आणि तपासणी नको असेल तेथे शून्य. दुसऱ्या रकान्यातील नावात मोकळी जागा जशीच्या तशी लिहून चालत नाही, कारण मोकळ्या जागेनेच रकाने वेगळे होतात. म्हणून माउंटच्या फोल्डराचे नाव एकाच शब्दाचे ठेवावे हे उत्तम.

पहिल्या रकान्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. युनिक्समध्ये प्रत्येक उपकरणाला '/डेव्ह' या फोल्डरात फाइलीसारखे एक नाव असते, आणि त्या नावाला लिहिलेला मजकूर थेट त्या उपकरणात जातो. लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या आत्मकथेत सांगितले आहे की, १९९१ च्या अखेरीस हेलसिंकीत, विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीवरून जोडणी करताना मोडेमला द्यावयाच्या आज्ञा त्याने अनवधानाने हार्ड डिस्कच्या नावावर पाठवल्या आणि त्याचे मिनिक्स या प्रणालीचे पार्टिशन उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपल्या नवजात लिनक्सवरच यापुढे काम करायचे ठरवले. उपकरणाच्या नावावर विसंबण्याचा हा धोका पुढे दुसऱ्या रूपाने सर्वांनाच भोवला. डिस्कांची 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे त्या कोणत्या क्रमाने सापडल्या यावरून दिली जातात, तेव्हा एखादी नवी डिस्क जोडली किंवा यूएसबी लावून यंत्र सुरू केले की कालची 'एसडीए' आज 'एसडीबी' होऊ शकते. आणि २००७ च्या सुमारास तर कर्नेलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, चालक बदलल्यामुळे, पूर्वी 'एचडीए' म्हणवणाऱ्या डिस्का अनेक वितरणांत एका अद्ययावतीनंतर 'एसडीए' झाल्या आणि ज्या तक्त्यांत जुने नाव लिहिलेले होते ते निकामी ठरले.

म्हणून आता पहिल्या रकान्यात यूयूआयडी लिहिण्याची रीत आहे: फाइल सिस्टिम रचताना तिच्याच अंगावर कोरला गेलेला, ३२ षोडशमान अंकांचा ओळख-क्रमांक, जो डिस्क कोणत्याही तारेला जोडली तरी बदलत नाही. डेबियनचा संस्थापक हा क्रमांक लिहितो आणि वर टिपेच्या ओळीत संस्थापनेच्या वेळी त्या भागाचे उपकरण-नाव काय होते तेही नोंदवून ठेवतो, जेणेकरून वाचणाऱ्याला संदर्भ लागावा. ही लहानशी सौजन्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र हा क्रमांक पार्टिशनचा नसून त्यावरील फाइल सिस्टिमचा आहे, हे विसरू नये. फॉरमॅट केले की क्रमांक नवा होतो. एकाच यंत्रावर दुसरे लिनक्स बसवताना त्याने सामाईक स्वॅपचा भाग पुन्हा फॉरमॅट केला, तर पहिल्या लिनक्सच्या तक्त्यातील क्रमांक मृत होतो आणि ते सुरू होताना त्या हरवलेल्या भागाची दीड मिनिट वाट पाहत बसते; 'लिनक्स अचानक मंद झाले' अशी जी तक्रार ऐकू येते तिचे हे एक नित्याचे कारण आहे. उलट, एक डिस्क दुसरीवर जशीच्या तशी उतरवली तर दोन्हींचा क्रमांक एकच होतो आणि दोन्ही जोडलेल्या असता प्रणालीला त्यांतली खरी कोणती हे ठरवता येत नाही.

चौथ्या रकान्यात अटी लिहावयाच्या. 'डीफॉल्ट्स' हा एक शब्द सर्वसामान्य भागांना पुरतो. मुळाच्या भागाला डेबियन अशी अट घालतो की, फाइल सिस्टिममध्ये दोष आढळल्यास ती तत्काळ केवळ वाचण्यापुरती चढवावी, म्हणजे दोष वाढणार नाही. ईएफआयच्या भागाला अशी की, मुख्य प्रशासकाखेरीज कोणाला तेथील मजकूर वाचण्याची मुभा नसावी. बाहेरून जोडल्या जाणाऱ्या डिस्कची ओळ जर या तक्त्यात लिहावयाची असेल, तर तिला 'नोफेल' ही अट अवश्य द्यावी. हिच्या अभावी, ती डिस्क जोडलेली नसताना यंत्र सुरू केले की आरंभाची व्यवस्था पाहणारी सिस्टिमडी ही प्रणाली नव्वद सेकंद थांबते आणि मग संपूर्ण आरंभच सोडून देऊन संकटकालीन अवस्थेत जाते. तक्त्यात लिहिलेला प्रत्येक भाग तिच्या दृष्टीने आवश्यक असतो, जोवर आपण तसे नाही असे सांगत नाही.

परंतु 'नोफेल' दिल्यावर एक दुसरा, अधिक गुप्त धोका उत्पन्न होतो. माउंट करण्याची जागा म्हणजे वृक्षावरील एक साधे, बहुधा रिकामे फोल्डरच असते. त्यावर भाग चढवला की फोल्डरातील पूर्वीचा मजकूर झाकला जातो, नष्ट होत नाही; आणि भाग चढलेला नसेल तर ते फोल्डर कोणाचेही लिखाण बिनतक्रार स्वीकारते. रोज रात्री '/एमएनटी/बॅकअप' येथे प्रत काढणारी आज्ञा, बाहेरची डिस्क जोडलेली नसतानाही, आपले काम चोख बजावते, फक्त ती प्रत मुळाच्याच पार्टिशनवर साठत जाते. काही दिवसांनी मुळाची जागा संपते. मग मालक डिस्क जोडतो, भाग चढतो, खालचा सारा मजकूर झाकला जातो, आणि फोल्डरांची बेरीज करून पाहिली तर इतकी जागा कोणी खाल्ली याचा पत्ता लागत नाही. यावर उपाय सोपा आहे: भाग चढवण्यापूर्वी त्या रिकाम्या फोल्डरावरच 'सीएचअ‍ॅटर' या आज्ञेने अपरिवर्तनीयतेची खूण करावी. मग भाग चढलेला असताना लिखाण नेहमीसारखे होते, कारण ती खूण खालच्या फोल्डरावर आहे, आणि भाग नसताना मात्र लिहिण्याचा प्रयत्न तत्काळ नाकारला जातो व चूक त्याच रात्री उघडकीस येते.

तक्त्यात हाताने फेरफार केल्यावर यंत्र लगेच बंद करून सुरू करू नये. 'फाइंड-एमएनटी' या आज्ञेला 'व्हेरिफाय' हा पर्याय देऊन ओळी तपासून घ्याव्या, सिस्टिमडीला नवा मजकूर वाचावयास सांगावे, आणि 'माउंट' आज्ञेला 'ए' हा पर्याय देऊन तक्त्यातील सर्व भाग चालू प्रणालीतच चढवून पाहावे. तक्रार आली तर ती येथेच, हाताशी सर्व साधने असताना येते. ही दक्षता राहून गेली आणि यंत्र संकटकालीन अवस्थेत थांबले, तर प्रशासकाचा परवलीचा शब्द देऊन आत जाता येते, मुळाचा भाग केवळ वाचण्यापुरता चढलेला असल्यास तो लिहिण्यायोग्य अवस्थेत पुन्हा चढवावा लागतो, आणि दोषी ओळीच्या आरंभी टिपेचे चिन्ह घातले की ती ओळ गैरलागू होते. काही वितरणांत प्रशासकाचे खाते मुळातच कुलूपबंद असते आणि तेथे हा दरवाजाही उघडत नाही. तेव्हा ज्या यूएसबीवरून संस्थापना केली तिच्यावरूनच यंत्र सुरू करावे. या पाहुण्या प्रणालीला स्वतःचे मूळ आणि स्वतःचा वृक्ष असतो, आणि आपल्या डिस्कवरील मुळाचा भाग तिच्या दृष्टीने इतर कोणत्याही भागासारखाच एक भाग असतो. तो '/एमएनटी' येथे माउंट करावा, '/एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब' ही फाइल उघडून ओळ दुरुस्त करावी, भाग रीतसर उतरवावा, यूएसबी काढून घ्यावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.